शाळांमधल्या कर्मचाऱ्यांच्या संगणकांवर अपडेट कसे सोडावेत: नव्याने हे काम हाती घेणाऱ्यांसाठी

अनेक सरकारी शाळांमधल्या शिक्षकांच्या आणि कार्यालयीन कर्मचाऱ्यांच्या लॅपटॉपची जबाबदारी नुकतीच तुमच्याकडे आली असेल, तर पहिले दोन आठवडे नवीन काहीही सोडू नका. जे मासिक सुरक्षा अपडेट आधीपासून आपोआप येताहेत ते येऊ द्या, त्यांना हात लावू नका. तेवढ्या वेळात मोजणी करा: मशीन किती आहेत, कुणाकडे आहेत आणि कोणत्या अवस्थेत आहेत.

शाळेतला अपडेट इतर कार्यालयांपेक्षा नाजूक असतो, कारण शिक्षकाच्या हातात जेमतेम ३५-४० मिनिटांचा एक तास असतो. त्यातली वीस मिनिटं 'अपडेट सुरू आहे, संगणक बंद करू नका' या पडद्यासमोर गेली, तर तो तास परत मिळत नाही. ज्यांच्यावर अशी वेळ येते ते पुढे महिनोन्‌महिने प्रत्येक सूचनेवर 'नंतर' दाबत राहतात, आणि मग त्यांचं मशीन हळूहळू असुरक्षित होत जातं. म्हणून पुढची प्रत्येक पायरी करताना दोन्ही बाजू सांभाळा: अपडेट वेळेत पोहोचला पाहिजे, आणि त्यासाठी कुणाचा तास जाता कामा नये.

यादी आधी

प्रत्येक मशीनसाठी एक ओळ असलेला तक्ता करा. रकाने एवढेच ठेवा: मालमत्ता क्रमांक, मॉडेल, सध्या कुणाच्या ताब्यात, शाळा आणि खोली, सिस्टीमची आवृत्ती, रॅम, सी ड्राइव्हवरची रिकामी जागा, शेवटचा संपर्क कधी झाला, आणि डिस्क कुलूपबंद (एन्क्रिप्ट केलेली) असेल तर तिची रिकव्हरी की, म्हणजे ते कुलूप उघडणारा अंकी संकेत, तुमच्याकडे नोंदलेली आहे की नाही. शेवटचा रकाना नवे लोक हमखास विसरतात. त्याची किंमत किती पडते ते पुढे येईलच.

विंडोजची आवृत्ती पाहायला स्टार्ट मेनूत इंग्रजीत 'winver' (विनव्हर) टाइप करून एंटर दाबा. अजून विंडोज १० असलेली मशीन वेगळ्या रंगात खुणावून ठेवा. विंडोज १० चा नेहमीचा आधार (सपोर्ट) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नोंदणी केलेली नसेल तर त्या मशीनवर नवीन दुरुस्त्या येत नाहीत. विंडोज ११ साठी टीपीएम २.० (किल्ल्या जपून ठेवणारी सुरक्षा चिप), सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय), किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण लागते, शिवाय प्रोसेसर मान्य यादीतला असावा लागतो. इंटेल कोअरच्या बाबतीत ही यादी ढोबळमानाने आठव्या पिढीपासून सुरू होते. मात्र ४ जीबी रॅमवर ब्राउझरचे आठ टॅब, व्हिडिओ कॉल आणि सादरीकरण एकदम चालवायचा प्रयत्न केलात, तर शिक्षकांची तक्रार दुसऱ्याच दिवशी येईल. कर्मचाऱ्यांच्या मशीनसाठी ८ जीबी हीच खालची मर्यादा धरा.

एक बारकावा. बरीच जुनी मशीन 'टीपीएम नाही' म्हणून नापास होतात, प्रत्यक्षात टीपीएम असतं पण बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या, मशीनच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) बंद ठेवलेलं असतं. मशीन भंगारात काढण्याआधी बायोसमध्ये जाऊन सिक्युरिटीचं पान पाहा. इंटेलच्या मशीनवर ते 'पीटीटी' आणि एएमडीच्या मशीनवर 'एफटीपीएम' या नावाने सापडतं.

क्रोमबुक (गूगलच्या क्रोमओएसवर चालणारे लॅपटॉप) असतील तर त्यांची शेवटची अपडेट तारीख गूगलच्या ऍडमिन कन्सोलमधून काढा. २०२१ पासून बाजारात आलेल्या मॉडेलना १० वर्षं आपोआप अपडेट मिळतात. ही दहा वर्षं तुम्ही खरेदी केल्यापासून मोजायची नसतात, तो मूळ प्लॅटफॉर्म बाजारात आला तेव्हापासून मोजायची असतात. स्वस्तात मिळालेलं जुनं मॉडेल घेतलंत, तर पेटीतून बाहेर काढतानाच त्याची तीन वर्षं सरलेली असू शकतात.

तीस दिवसांत ज्यांचा संपर्कच झालेला नाही अशी मशीन यादीत निघतीलच. ती कपाटात असतात, रजेवरच्या शिक्षकांच्या घरी असतात, किंवा चार्जर हरवल्यामुळे बंद पडलेली असतात. प्रत्येकाचा ठावठिकाणा शाळेच्या कार्यालयातून लावून घ्या. हे काम कंटाळवाणं आहे, पण ते केल्याशिवाय 'सगळीकडे अपडेट झालं' या वाक्याला काही अर्थ राहत नाही.

कोणता अपडेट कधी येतो

मायक्रोसॉफ्टचे मासिक सुरक्षा अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघतात. २००३ पासून ही प्रथा चालू आहे, त्यामुळे वर्षभराचे बारा मंगळवार तुम्ही आजच कॅलेंडरवर मांडू शकता. महिन्याच्या उत्तरार्धात जे 'प्रिव्ह्यू' अपडेट येतात ते कर्मचाऱ्यांच्या मशीनवर सोडू नका. त्यातल्या सुधारणा पुढच्या महिन्याच्या अपडेटमध्ये येतातच.

वर्षातून एकदा विंडोजची नवी आवृत्ती येते. होम आणि प्रो प्रकारांना प्रत्येक आवृत्तीसाठी २४ महिने, तर एज्युकेशन आणि एंटरप्राइज प्रकारांना ३६ महिने आधार मिळतो. म्हणजे एज्युकेशन प्रकार असेल तर दर वर्षी उडी मारायची सक्ती नाही. एक आवृत्ती सोडून पुढची घ्या आणि ती मोठ्या सुट्टीतच घ्या.

क्रोमओएस साधारण दर चार आठवड्यांनी नवी आवृत्ती आणते. परीक्षेच्या खोल्यांमधल्या क्रोमबुकना दीर्घकालीन आधाराच्या चॅनेलवर ठेवलंत तर मोठे बदल सहा महिन्यांनीच येतात आणि सुरक्षा दुरुस्त्या मात्र चालू राहतात. आयपॅड संस्थेच्या देखरेखीखाली नोंदवलेले असतील तर नवा अपडेट जास्तीत जास्त ९० दिवस लपवून ठेवता येतो.

बायोस आणि ड्रायव्हरचे (आवाज, पडदा असे भाग चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचे) अपडेट मासिक अपडेटबरोबर कधीही सोडू नका. दोन्ही एकाच रात्री गेले आणि सकाळी आवाज बंद पडला, तर दोष कुणाचा हे शोधण्यात अख्खा दिवस जातो. बायोस मात्र कायमचा टाळूही नका: सिक्युअर बूटसाठी वापरल्या जाणाऱ्या २०११ सालच्या मायक्रोसॉफ्ट प्रमाणपत्रांची मुदत जून २०२६ पासून संपू लागते आणि काही जुन्या मॉडेलना त्यासाठी निर्मात्याचा बायोस अपडेट लागतो. वर्गातल्या टच पॅनलचं फर्मवेअरही याच यादीत धरा. ते अपडेट चालू असताना वीज गेली तर पॅनल उघडेनासं होण्याची भीती असते, म्हणून ते शाळेत स्वतः उभं राहून करा, दुरून नको.

किती थांबावं आणि किती नाही

नवा माणूस दोनपैकी एका टोकाला जातो. एक तर सगळीकडे एकाच रात्री अपडेट सोडतो, किंवा भीतीपोटी महिनोन्‌महिने अडवून ठेवतो. दोन्हीचे परिणाम जगाने पाहिलेत. १२ मे २०१७ रोजी पसरलेल्या वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या व्हायरसने ज्या त्रुटीचा फायदा घेतला, तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ लाच दिली होती. जवळपास दोन महिने ती न बसवलेली मशीनच प्रामुख्याने सापडली. उलट १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइकच्या सुरक्षा सॉफ्टवेअरची एक सदोष फाइल सगळीकडे एकदम गेली. ती ७८ मिनिटांत मागे घेतली गेली, तरीही मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख विंडोज मशीन कोसळली आणि त्यातली पुष्कळशी एकेकाजवळ जाऊन हाताने दुरुस्त करावी लागली.

म्हणून मासिक सुरक्षा अपडेटसाठी १४ दिवसांचा हिशेब धरा आणि मशीनचे चार गट पाडा.

पहिला गट तुमची स्वतःची आणि संगणक विभागाची मशीन. विलंब ० दिवस.

दुसरा गट एकूण मशीनच्या पाच टक्क्यांच्या आसपास. विलंब ३ दिवस. हा गट निवडण्यावर सर्वांत जास्त वेळ घालवा. फक्त उत्साही शिक्षकांना घेऊ नका, कारण त्यांच्याकडे नवी मशीन असतात आणि अडचण आली तर ते स्वतःच वाट काढून मोकळे होतात, तुम्हाला कळवतही नाहीत. प्रत्येक शाळेतून एक जण घ्या. प्रत्येक मॉडेलचं एक मशीन घ्या, सर्वांत जुनं मॉडेल तर नक्कीच. पगारपत्रकं करणारे लिपिक, ग्रंथपाल, विज्ञान प्रयोगशाळेत सेन्सर जोडणारे शिक्षक यांचा एकेक प्रतिनिधी हवाच. कुणी कर्मचारी एनव्हीडीएसारखा स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) किंवा ब्रेल डिस्प्ले वापरत असतील, तर त्यांना विचारून, त्यांच्याजवळ पर्यायी मशीन ठेवून, या गटात घ्या. अपडेटनंतर स्क्रीन रीडर बोलेनासा झाला तर बाकीच्यांचा थोडासाच खोळंबा होतो, त्यांचं मात्र पूर्ण काम थांबतं. ते शेवटच्या गटात असतील आणि त्यांच्यासारखं मशीन आधी कुणीच तपासलेलं नसेल, तर ही अडचण तुम्हाला त्यांच्याकडूनच पहिल्यांदा कळेल.

तिसरा गट साधारण तीस टक्के, विलंब ७ दिवस. चौथ्यात उरलेले सगळे, विलंब १० दिवस.

इंट्यून (मशीन दुरून सांभाळायचं मायक्रोसॉफ्टचं साधन) किंवा तत्सम व्यवस्थापनातून हे लावताना तीन आकडे भरावे लागतात. विलंब म्हणजे अपडेट निघाल्यापासून किती दिवसांनी मशीनला दाखवायचा. मासिक अपडेटसाठी तो जास्तीत जास्त ३० दिवस ठेवता येतो. अंतिम मुदत म्हणजे दाखवल्यानंतर किती दिवसांत बसलाच पाहिजे. चौथ्या गटासाठी ४ भरा, म्हणजे १० अधिक ४ असे चौदा दिवस होतात. तिसरा आकडा सवलतीच्या दिवसांचा. तो २ ठेवा. लांबच्या रजेवरून परतलेल्या माणसाने लॅपटॉप उघडल्या उघडल्या रीस्टार्ट होऊ नये, यासाठी तो आहे.

मुदतीबद्दल एक गोष्ट सगळ्यांना आधी सांगून ठेवा. मुदत आणि सवलत दोन्ही संपली की मशीन कामाच्या वेळा पाहत नाही, भर तासातही रीस्टार्ट घेऊ शकतं. शेवटच्या दिवसापर्यंत 'नंतर' दाबणाऱ्यांचा तास इथेच जातो.

पहिल्या गटातलं मशीन कसं तपासावं

वीस मिनिटं बाजूला काढा आणि मशीन शिक्षकाच्या खात्याने उघडा. ऍडमिन खात्याने तपासलेलं मशीन नेहमीच ठीक दिसतं, आणि फसगत होते ती इथेच.

१. दोनदा रीस्टार्ट करा. काही अपडेटचं उरलेलं काम दुसऱ्या रीस्टार्टला पूर्ण होतं.

२. शाळेच्या वायफायला आपोआप जोडलं जातं का पाहा. मग दुसऱ्या मजल्यावर जाऊन पुन्हा पाहा.

३. वर्गातल्या पॅनलला किंवा प्रोजेक्टरला जोडा. पडदा 'डुप्लिकेट' आणि 'एक्स्टेंड' दोन्ही करून बघा. टच चालतो का, हेही याच वेळी. यूएसबीची वायर जोडलेली नसेल तर चित्र दिसतं पण टच चालत नाही, आणि दोष अपडेटवर येतो.

४. एक व्हिडिओ लावा. ड्रायव्हर बदलला की आवाज बाहेर टाकणारं उपकरण बदललेलं असतं. चित्र पॅनलवर आणि आवाज लॅपटॉपमधून, हा नेहमीचा प्रकार.

५. स्टाफरूमच्या प्रिंटरवर दोन पानं पाठपोट छापा. मग स्कॅन करा. छपाई चालते आणि स्कॅन बंद पडतो, असं बऱ्याचदा होतं.

६. हजेरी आणि गुणनोंदणीची प्रणाली उघडून एक नोंद करा, जतन करा, पुसा.

७. सुरक्षित परीक्षा ब्राउझर वापरत असाल तर त्यात एक नमुना चाचणी सुरू करून शेवटपर्यंत न्या. फक्त उघडतो एवढं पाहून थांबू नका. बाहेर पडण्याचं बटण चालतं का, हा खरा प्रश्न असतो.

८. झाकण मिटा, पाच मिनिटं थांबा, उघडा. पडदा काळा राहिला किंवा वायफाय गेलं तर ते टिपा.

शाळेत वापरात असलेल्या सगळ्या भाषांचे कीबोर्ड जागेवर आहेत का, हे भाषाशिक्षकांच्या गटातल्या माणसाला विचारा.

इंटरनेटचा हिशेब

एक अपडेट साधारण १ जीबीचा धरा आणि शाळेत ३०० लॅपटॉप असतील, तर ३०० जीबी उतरवायचे आहेत. १०० एमबीपीएसची लाइन पूर्ण वेगाने फक्त याच कामाला दिली तरी तासाला ४५ जीबी उतरतात. म्हणजे पावणेसात तास, आणि तेवढ्या वेळात इतर कुणीच काही वापरायचं नाही. म्हणून मशीननी आपसांत वाटून घेतलं पाहिजे. विंडोजमध्ये त्यासाठी डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन असतं: एका लॅपटॉपने उतरवलेले तुकडे शेजारचे त्याच्याकडून घेतात.

इथे एक अडचण जवळपास प्रत्येक शाळेत सापडते. वायफायवर 'क्लायंट आयसोलेशन' चालू असतं, म्हणजे एका जाळ्यावरच्या दोन मशीनना एकमेकांशी बोलता येत नाही. मुलांच्या आणि पाहुण्यांच्या वायफायवर ते हवंच, पण कर्मचाऱ्यांच्या जाळ्यावर ते चालू असेल तर डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन चालू ठेवूनही प्रत्येक मशीन सगळा माल बाहेरूनच आणतं. सेटिंगमध्ये डिलिव्हरी ऑप्टिमायझेशनच्या पानावर 'स्थानिक जाळ्यातील संगणकांकडून' किती टक्के आलं ते दिसतं. तो आकडा महिनोन्‌महिने शून्य असेल, तर आयसोलेशन किंवा ७६८० क्रमांकाचा अडवलेला पोर्ट तपासा. क्रोमबुकसाठी कन्सोलमध्ये अपडेट जास्तीत जास्त १४ दिवसांत विखरून टाकण्याची सोय आहे, ती वापरा.

आणि चार्जिंगच्या कपाटाबद्दल. लॅपटॉप रात्रभर कपाटात चार्जिंगला लावलेत, म्हणजे अपडेट होतील, असं गृहीत धरू नका. झाकण मिटलेलं मशीन झोपलेलं असतं. त्या रात्रीपुरतं 'झाकण मिटलं तरी काही करू नये' असं धोरण लावा, पण मग कपाटाची दारं उघडी ठेवायला सांगा, कारण बंद कपाटात चालू मशीन तापतात.

वेळ निवडताना

मुख्याध्यापकांच्या कार्यालयातून पाच तारखा आधी मागून घ्या: परीक्षा, निकाल, सत्राचा पहिला आठवडा, पालकसभा आणि पगाराची प्रक्रिया. या दिवसांत काहीही सोडायचं नाही. विंडोजचे मासिक अपडेट ३५ दिवसांपर्यंत थांबवून ठेवता येतात. त्यानंतर आधी साचलेले घ्यावे लागतात, मगच पुन्हा थांबवता येतं. परीक्षेच्या आदल्या दिवशी थांबवण्यात अर्थ नाही, कारण तोवर बऱ्याच मशीनवर अपडेट उतरून रीस्टार्टची वाट पाहत असतो. दहा दिवस आधी थांबवा.

कामाच्या वेळा, म्हणजे ऍक्टिव्ह अवर्स, जास्तीत जास्त १८ तासांच्या ठेवता येतात. शाळेच्या वेळेपुरत्या ठेवू नका. गुण भरण्याचं काम शिक्षक रात्री घरी बसून करतात. सकाळी ६ ते रात्री ११ ठेवलेलं बरं.

शुक्रवारी मोठा बदल सोडू नका. आवृत्ती बदलायची असेल तर मोठ्या सुट्टीचा पहिला आठवडा घ्या, शेवटचे दोन दिवस नव्हे. बिघडलेली मशीन दुरुस्त करायला मध्ये वेळ हवा.

निरोप कसा लिहावा

बहुतेक कार्यालयांतून असा निरोप जातो: 'सर्व कर्मचाऱ्यांना कळविण्यात येते की, दि. १८ पासून टप्प्याटप्प्याने सिस्टीम अद्ययावत करण्यात येणार असून सर्वांनी सहकार्य करावे.' वाचणाऱ्याला यातून काय कळतं? त्याने काय करायचं, किती वेळ जाईल, काय बदलेल, काहीच नाही. तो पुढच्या मेलकडे वळतो.

त्याऐवजी असं लिहा:

'बुधवारी शाळा सुटल्यावर लॅपटॉप चार्जरला लावा, फाइली जतन करा आणि रीस्टार्ट निवडा. झाकण उघडं ठेवा. साधारण ४० मिनिटं लागतील, समोर बसून राहायची गरज नाही. दिसण्यात काही बदलणार नाही. रविवारपर्यंत केलं नाही तर सोमवारी मशीन स्वतःहून रीस्टार्ट होईल, कदाचित तासाच्या मध्येच. अडचण आली तर शाळेतल्या संगणक प्रतिनिधींना सांगा. या निरोपात कोणतीही लिंक नाही आणि आम्ही पासवर्ड कधीही विचारत नाही.'

शेवटचं वाक्य प्रत्येक निरोपात ठेवा. 'तुमचा अपडेट बाकी आहे, इथे लॉगिन करा' अशा बनावट मेल शाळांना सतत येतात. तुमच्या खऱ्या निरोपात कधीच लिंक नसते हे एकदा लोकांच्या अंगवळणी पडलं, की खोटा मेल त्यांच्या ताबडतोब लक्षात येतो. दोन टप्प्यांच्या पडताळणीचंही तेच सांगा: स्वतः लॉगिन करत नसताना फोनवर मंजुरीची विचारणा आली तर ती नाकारायची आणि लगेच कळवायचं.

निरोप तीनदा पाठवा: सात दिवस आधी, आदल्या दिवशी, त्या दिवशी दुपारी. स्टाफरूमच्या फळ्यावरही लावा. शाळेतले सगळेच दिवसभर मेल उघडून बसलेले नसतात. स्वयंपाकघरात, मैदानावर आणि वाहनांवर काम करणाऱ्यांनाही सामाईक संगणक वापरावा लागतो.

रीस्टार्टबद्दल थोडं समजावून सांगा. 'मी रोज बंद करते' असं शिक्षिका सांगतात तेव्हा त्या खरंच रोज बंद करत असतात. पण फास्ट स्टार्टअप चालू असेल तर 'शट डाऊन'मध्ये विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही, त्याची अवस्था डिस्कवर ठेवली जाते आणि सकाळी तीच परत उचलली जाते. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स आणि मग सीपीयू उघडून 'अप टाइम' दाखवा. तिथे २३ दिवस दिसले की वेगळं काही पटवून द्यावं लागत नाही.

बिघडलं तर

सगळ्यात घाबरवणारा प्रकार निळ्या पडद्याचा. बायोस अपडेटनंतर मशीन उघडतं आणि बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) ४८ अंकी रिकव्हरी की मागतो. मशीन खराब झालेलं नसतं, डेटाही जागेवर असतो. टीपीएमला सुरुवातीची साखळी बदललेली दिसली, म्हणून त्याने कुलूप उघडलं नाही, एवढंच. फोनवर असं करा:

१. आधी ओळख पटवा. फोन ठेवून यादीतल्या क्रमांकावर उलट फोन करा. ही की म्हणजे त्या मशीनच्या संपूर्ण डिस्कची किल्ली आहे, आवाज ओळखीचा वाटला म्हणून देऊ नका.

२. पडद्यावरच्या 'की आयडी'ची पहिली आठ अक्षरं वाचून दाखवायला सांगा. एकाच मशीनच्या दोन-तीन जुन्या की नोंदीत असू शकतात. आयडी जुळेल तीच द्या.

३. अंक सहा-सहाच्या आठ गटांत सांगा. प्रत्येक गट त्यांनी परत म्हणून दाखवावा. घाईत सलग ४८ अंक सांगितले की हमखास एखादा चुकतो.

४. मशीन उघडल्यावर बिटलॉकर सस्पेंड (तात्पुरता स्थगित) करून पुन्हा चालू करा. तसं न केल्यास पुढच्या वेळीही तोच पडदा येऊ शकतो.

५. तोंडी दिलेली की बदलून नवी करा.

यादीत 'की नोंदलेली नाही' असं असलेल्या मशीनवर हा पडदा आला, तर डेटा परत मिळवण्याचा मार्ग उरत नाही. म्हणून नियम असा: की नोंदवल्याशिवाय त्या मशीनवर बायोस अपडेट नाही, आणि अपडेटआधी एका रीस्टार्टपुरता बिटलॉकर सस्पेंड.

दुसरा प्रकार त्याहून फसवा. अपडेटनंतर डेस्कटॉप कोरा दिसतो, 'माझ्या सगळ्या फाइली गेल्या' असा फोन येतो. बहुतेक वेळा विंडोजने तात्पुरतं प्रोफाइल उघडलेलं असतं. त्यांना पहिल्यांदा सांगा: आत्ता काहीही तयार करू नका, जतन करू नका. त्या प्रोफाइलमध्ये ठेवलेलं साइन आउट करताच पुसलं जातं. दोनदा रीस्टार्ट करून बघा, आणि सी ड्राइव्हवरच्या यूजर्स फोल्डरमध्ये त्यांचं मूळ फोल्डर आहे याची खात्री करून त्यांना सांगा. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स आधीच क्लाउडवर जात असतील तर हा फोन दोन मिनिटांत संपतो.

टक्केवारी एकाच आकड्यावर अडकली तर दोन तास थांबा. डिस्कचा दिवा लुकलुकत असेल तर काम चालू आहे. घाईने पॉवरचं बटण दाबून ठेवलेल्या मशीनची दुरुस्ती थांबण्यापेक्षा जास्त वेळ खाते.

जागा अपुरी पडली तर आधी डाउनलोड्स फोल्डर बघा, तिथे वर्षभराचे व्हिडिओ असतात. आवृत्ती बदलण्याआधी सी ड्राइव्हवर २५ जीबी रिकामे असावेत. मात्र 'विंडोज.ओल्ड' फोल्डर लगेच पुसू नका. नवी आवृत्ती नकोशी झाली तर १० दिवसांच्या आत मागे जाता येतं, ते त्याच फोल्डरच्या जोरावर.

मासिक अपडेट काढून टाकायचा असेल तर क्रम पाळा: आधी त्या गटाचे अपडेट थांबवा, मग काढा. उलट केलंत तर रात्रीत तो परत बसतो आणि सकाळी तुम्ही पुन्हा तिथेच असता.

शेवटचे पाच टक्के

चौदाव्या दिवशी अहवाल काढलात आणि ९५ टक्के मशीन झालेली दिसली तर काम चांगलं झालं समजा. उरलेल्यांची यादी टक्क्यांत ठेवू नका, नावानिशी ठेवा: मशीन, माणूस, कारण, पुढची तारीख. डिस्क भरलेली, चार्जर हरवलेला, प्रोफाइल बिघडलेलं, अशी ठरावीक कारणं निघतात आणि एकेकाजवळ जाऊनच ती सुटतात.

त्यातलीच एक ओळ लांबच्या रजेवरून परतणाऱ्यांची असते. त्यांचा लॅपटॉप रुजू होण्याच्या दोन दिवस आधी कार्यालयात मागवून घ्या. बॅटरी पूर्ण संपलेली असते, म्हणून तासभर नुसता चार्जिंगला ठेवा. घड्याळ आणि तारीख बघा; बटणसेल उतरला असेल तर तारीख चुकते, आणि तारीख चुकीची असली की सुरक्षित जोडणीच होत नाही, अपडेट 'अयशस्वी' दाखवत राहतो. वायफायऐवजी नेटवर्कची वायर लावा. अपडेट शोधा, बसवा, रीस्टार्ट करा, पुन्हा शोधा. 'अद्ययावत आहे' असं दिसेपर्यंत दोन-तीन फेऱ्या लागतात. मग तुमच्या खात्यातून बाहेर पडा आणि रुजू होण्याच्या दिवशी त्यांच्याच हाताने त्यांच्या खात्यात लॉगिन करून घ्या, प्रिंटरवर एक पान छापून बघा, आणि मगच लॅपटॉप वर्गात जाऊ द्या.